सामानाच्या खोलीत आई

विमा कंपनीच्या जोखीम विभागातल्या साहेबांनो, तुम्ही मला खोटारडा म्हणालात! तेही छापील कागदावर, शिक्का मारून आणि खाली कोंबडीने पाय पुसल्यासारखी सही ठोकून!

आता, मी खोटं बोललो होतो हे खरं आहे. ते मी नाकारत नाही. पण मी खोटं बोलत होतो तेव्हा तुम्ही विश्वास ठेवायला निघाला होतात, आणि आता खरं बोलतोय तर ठेवत नाही! ही कुठली रीत? वाचकहो, तुम्हीच ऐका आणि तुम्हीच सांगा. मी फार शिकलेला माणूस नाही. आठवीनंतर जे शिकलो ते बिघडलेले वजनकाटे उघडून आणि रद्दीतली पुस्तकं वाचून. त्यामुळे गोड लिहिता येत नाही. जसं झालं तसं सांगतो.

माझा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. सोनाराच्या काट्यापासून भंगारवाल्याच्या काट्यापर्यंत सगळे माझ्याकडे येतात. गुंजेचा फरक मला नुसत्या डोळ्यांनी कळतो. म्हणून जेव्हा कंपनीचं पत्र आलं, की नदीकाठची पूररेषा नव्याने आखली आहे, सगळ्या घरांची मोजणी होणार आणि त्यावरून विम्याचा हप्ता ठरणार, तेव्हा मी बायकोला छाती ठोकून सांगितलं, "मोजमापात मला फसवणारा अजून जन्माला यायचाय!"

बायको दवाखान्यात केसपेपर काढते. दिवसभरात असली दीडशे वाक्यं ऐकते. ती म्हणाली, "बरं. पुढे?"

पुढे आमचा एजंट आला. हा माणूस बोलतो तेव्हा आवाजाला तूप लावून बोलतो.

"साहेब, तुमच्या घराचा एकच प्रॉब्लेम आहे. खालची खोली."

आमच्या घराला रस्त्यापासून चार पायऱ्या उतरून एक तळखोली आहे. तिथे माझी आई राहते. आईने आयुष्यभर शाळांचे गणवेश शिवले. तिची खाट, तिचं शिलाई मशीन, कपड्याचे तागे आणि कापूस भरलेला एक बिनडोक्याचा पुतळा, एवढं सगळं त्या खोलीत. वर स्वयंपाकघर, आमची झोपायची खोली आणि रस्त्याकडची मोठी कोरडी खोली. त्या खोलीत माझे काटे आणि माझं लिहायचं टेबल.

"हप्ता कसा ठरतो माहीत आहे का?" एजंट म्हणाला. "पुराचं पाणी कुठवर चढेल आणि तुमची सगळ्यात खालची राहती फरशी कुठे आहे, या दोन उंचींतला फरक! फरशी वर, हप्ता खाली. फरशी खाली, हप्ता..." त्याने आढ्याकडे बोट केलं. "पण खालच्या खोलीत कोणी राहत नसेल, नुसतं सामान असेल, तर ती खोली धरतच नाहीत. वरची फरशी धरतात. आणि भिंतीला खाली चार भोकं पाडली तर आणखी चांगलं."

"भोकं? कशाला?"

"पाणी सहज आत यावं म्हणून. अडवलं तर भिंत पडते ना!"

वाचकहो, पाणी आत येण्याच्या भीतीने विमा काढायचा आणि तो स्वस्त पडावा म्हणून पाण्याला दार करून द्यायचं! माझं डोकंच फिरलं. पण हप्त्याचा आकडा ऐकल्यावर जागेवर आलं.

"आणि आई?" मी विचारलं.

"आजींना वर घ्या. नाहीतर..." एजंटाने आवाजाला आणखी एक चमचा तूप लावलं. "मोजणीच्या दिवसापुरतं ते सामान आहे असं दिसलं म्हणजे झालं."

आईला वर घ्यायचं? अहो, ती खोली म्हणजे आईचा जीव! निदान मला तसं वाटत होतं. तीस वर्षं तिने तिथे मशीन चालवलं. तिला तिथून हलवायचं म्हणजे झाड उपटण्यासारखं! मी तिथल्या तिथे ठरवलं की आईची खोली मी वाचवणार. त्यासाठी एक दिवस खोटं बोलावं लागलं तरी बेहत्तर!

आईला सांगितलं तर ती नाकाच्या शेंड्यावरच्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे मी इथे राहत नाही असं सांगायचं?"

"हो."

"आणि मग मी इथेच राहायचं?"

"हो! बघ, किती सोपं आहे!"

ती काहीतरी बोलणार होती. पण तिने दाताने दोरा तोडला आणि म्हणाली, "तू म्हणशील तसं."

मोजणीच्या आदल्या दिवशी आम्ही तयारीला लागलो. खाटेवर खोकी रचली. मशीनवर गोणपाट टाकलं. मोडके काटे, गंजकी वजनं, फुटक्या बादल्या आणून ठेवल्या. तरी खोली काही केल्या अडगळीसारखी दिसेना.

"धूळ नाही," बायको म्हणाली.

बरोबर होतं! अडगळ म्हटली की धूळ हवी. मी आईच्याच शिवणखडूचा चुरा केला आणि कोपऱ्याकोपऱ्यातून फुंकत निघालो. अर्ध्या तासाने मागे वळून बघतो तर खोली पुन्हा आरशासारखी! मी पुढून धूळ टाकतोय आणि आई मागून झाडतेय!

"आई! काय करतेस?"

"अरे, ती मोजणीवाली बाई येणार. काय म्हणेल? म्हातारी जिवंत असून खोली ही अशी?"

"पण तू इथे राहतच नाहीस!"

"म्हणून काय घाण ठेवायची? सामानाला काही इज्जत आहे की नाही?"

शेवटी तह झाला. दाराजवळ धूळ माझी, आतल्या बाजूला स्वच्छता आईची.

मोजणीदार बाई दहाला येणार होती. साडेनऊला आई शेजारी जाऊन बसणार होती. सगळं काट्यावर तोलल्यासारखं ठरलं होतं. पण नऊलाच दाराशी गाडी थांबली! खांद्यावर तिपाई, काखेत उभी पट्टी, डोक्यावर टोपी, अशी एक तिशीची मुलगी उतरली.

"नमस्कार काका. आधीचं घर बंद होतं म्हणून लवकर आले. खालची खोली आधी बघू या का?"

आई तेव्हा खालीच होती, चष्मा विसरला म्हणून उतरलेली! मी रस्त्यावरच त्या मुलीला नदीचा इतिहास सांगायला सुरुवात केली, आणि बायको मागच्या जिन्याने वाऱ्यासारखी खाली गेली. मी नदीचा उगम संपवून वळणांपर्यंत आलो तेवढ्यात ती मुलगी पायऱ्या उतरूनही गेली. मी धावत मागे.

बायकोने काय केलं होतं? आईला पुतळ्याच्या शेजारी स्टुलावर बसवून दोघांवर मिळून अस्तराचं पातळ, आरपार दिसणारं पांढरं कापड टाकलं होतं!

"हे काय?" मोजणीदार बाईने विचारलं.

"पुतळे. शिवणकामाचे. जुने," मी म्हणालो.

"दोन?"

"हो. एक जरा जाडा आहे."

कापडाखालून एक नाराज 'हं' आलं.

"काही आवाज झाला का?"

"नळ!" बायको म्हणाली. "हवा धरतो."

त्या मुलीने वहीत लिहिलं. 'सामान: खोकी, बादल्या, मशीन एक, पुतळे दोन.' माझ्या डोळ्यांदेखत माझी आई सामानात जमा झाली, आणि सांगायला लाज वाटते, मला तेव्हा हायसं वाटलं!

मग मोजणी. तिने तिपाई आखूड करून रस्त्यावर रोवली, दुर्बिणीचं तोंड आमच्या उघड्या दाराकडे केलं आणि मला म्हणाली, "काका, माझ्या जोडीदाराची रजा आहे. तुम्ही आत फरशीवर ही पट्टी उभी धराल का? अगदी सरळ हं."

चोराच्या हातात तिजोरीची किल्ली! मी मनात हिशेब केला. पट्टी माझ्याकडे थोडी कलवली की तिचं टोक खाली येतं. टोक खाली आलं की आकडा कमी भरेल. आकडा कमी म्हणजे फरशी उंच! खोली राहती धरलीच तरी चार बोटं आपल्या पदरात. समोरून बघणाऱ्याला मागे कललेली पट्टी कळत नाही. मी अलगद कलवली.

"वाचू का?" रस्त्यावरून आवाज आला.

"वाचा!" मी म्हणालो.

"वाचू नकोस!" पुतळा म्हणाला.

मी गारठलो. बायकोने डोळे मिटले. वरून ती मुलगी ओरडली, "काय झालं?"

"पट्टी तिरकी आहे!" कापडाखालून आई गरजली. "अरे गाढवा, तिरका टेप नेहमी जास्त माप दाखवतो! एवढं कळत नाही? तिरकं मोजलं की बाही लांब होते आणि पोराचे हात झाकतात! तू आपलीच फरशी खड्ड्यात घालतोयस!"

वाचकहो, आई बरोबर होती! दुर्बिणीची नजर जमिनीला समांतर जाते आणि कललेल्या पट्टीला ती वरच्या आकड्यावर छेदते. आकडा जास्त म्हणजे फरशी खाली! गुंजेचा फरक डोळ्यांनी ओळखणारा मी, स्वतःच्या घराला स्वतःच्या हाताने चार बोटं बुडवत होतो!

ती मुलगी धावत खाली आली. दोन पुतळ्यांपैकी जाडा पुतळा कापड बाजूला करून उठत होता.

"आजी! तुम्ही कोण?"

"मी सामान," आई म्हणाली. मग माझ्याकडे बघत, "तूर्तास."

तिने माझ्या हातातून पट्टी घेतली, ओळंबा धरावा तशी सरळ उभी केली आणि म्हणाली, "जा बाळ, आता वाच."

ती मुलगी मुकाट वर गेली आणि वाचून आली. नंतर आमच्या तिघांकडे बघून तिने खोक्यावर बसकण मारली. तिला हसू आवरत नव्हतं, पण पेन उघडलेलं होतं.

"काका, मला आता फॉर्म नीट भरावा लागेल. एक प्रश्न आहे. रात्री या खोलीत कोणी झोपतं का?"

"नाही!" मी.

"छे!" बायको.

"नाही," आई.

माझा जीव भांड्यात पडला! शेवटी आई ती आईच! ऐन वेळी पोराच्या बाजूने उभी राहिली!

"झोप कुठली?" आई पुढे म्हणाली. "पाऊस आला की मी खाटेवर बसून त्या पायरीकडे बघत असते."

मी वळून त्या पायरीकडे बघितलं.

"बारा वर्षांपूर्वीच्या पुरात," आई त्या मुलीला सांगत होती, माझ्याकडे बघतही नव्हती, "मी इथेच होते. दुपारची वेळ. हा कुठे काटा बसवायला गेलेला, सून दवाखान्यात. मी काजं घालत होते. बघते तर दारातून पाणी. आणि माझा गुडघा तेव्हा प्लास्टरमध्ये. मी कापायच्या टेबलावर चढून बसले आणि काजं घालत राहिले. दुसरं करणार काय? एक पायरी बुडायला अकरा काजं लागली."

मुलीचं पेन थांबलं. "आजी, एका काजाला किती वेळ?"

"साडेचार मिनिटं. त्या दिवशी साडेतीन. जरा घाईत होते."

"म्हणजे पायरीला साधारण चाळीस मिनिटं." ती भराभर लिहायला लागली. "आजी, या गल्लीत पाणी किती वेगाने चढलं याची नोंदच नाही आमच्याकडे! नुसतं कुठवर आलं तेवढं आहे. पुढे?"

"पुढे काय? तिसरी पायरी बुडायच्या आधी सून आली आणि तिने मला पाठीवर घेतलं. तेव्हापासून पाऊस आला की मी काजं घालायला बसते. अकरा झाली की पायरी बघते. कोरडी असली की पुढची अकरा."

खाटेखालचं गाठोडं मला तेव्हा दिसलं. म्हणजे दिसत होतं बारा वर्षं. चिंध्यांच्या पट्ट्या, त्यांवर काजंच काजं. ना शर्ट, ना बटणं. मला वाटायचं, म्हातारपणीचा चाळा!

स्वतःची लाज वाटली की मी दुसऱ्याशी भांडतो. मी त्या मुलीवरच उखडलो. "पण तुम्हीच म्हणता ना, तो पूर शंभर वर्षांतून एकदा येतो! बारा झाली! अजून अठ्ठ्याऐंशी वर्षं निवांत आहेत!"

"तसं नसतं काका," ती शांतपणे म्हणाली. "पिशवीत शंभर गोट्या आहेत, एक काळी. दर वर्षी डोळे मिटून एक काढायची. काळी आली तर पूर. मग ती परत पिशवीत टाकायची. पुढच्या वर्षी पुन्हा शंभरच. हप्ता त्या काळ्या गोटीचा असतो."

"म्हणजे पाण्याला आठवण नसते," आई म्हणाली.

"हो आजी. अगदी तसंच."

"मग आपल्यालाच असते." आईने सुस्कारा सोडला, पण चेहरा उजळला होता. "बरं झालं सांगितलंस. मला वाटायचं, मीच भित्री."

मी आईसमोर उकिडवा बसलो. "बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलू? वरची एकच खोली कोरडी. इथल्या ओलीत तुझे काटे गंजले असते. तुझे कागदही."

"काट्यांचं काय घेऊन बसलीस!"

"पोट त्यांच्यावर आहे आपलं."

मी बायकोकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"तीनदा सांगितलं तुम्हाला. तुम्ही लिहीत होतात. 'हं' म्हणालात."

वाचकहो, एका पारड्यात काटे आणि एका पारड्यात आई ठेवून मी बारा वर्षं काटे वर आणि आई खाली असा तराजू चालवला! आणि दुनियेचे काटे दुरुस्त करतो म्हणून पाटी लावून बसलो होतो!

त्या मुलीने फॉर्म खरा भरला. सामानातला एक पुतळा खोडला आणि लिहिलं, 'राहणार: एक व्यक्ती.' ती निघताना आईने तिच्या कोटाचं लोंबणारं बटण शिवून दिलं. "मोजमाप करणाऱ्या माणसाचं बटण असं लोंबू नये ग."

त्याच दिवशी संध्याकाळच्या आत आम्ही घर उलटंपालटं केलं. काटे खाली, आई वर. माझं टेबल स्वयंपाकघरात, डब्यांच्या कपाटाला खेटून. शिलाई मशीन वर चढवताना माझी पाठ धरली, ती अजून सुटलेली नाही. पुतळा मात्र आईने खालीच ठेवला. "त्याला पोहता येतं," म्हणाली. "मागच्या वेळी बघितलंय मी." मग मी भिंतीला चार भोकंही पाडली. आईने खडूने खुणा करून दिल्या, चारही एका रेषेत, एका मापाची. एवढी सुबक भोकं तुमच्या कुठल्या ग्राहकाच्या भिंतीला नसतील!

तर साहेबांनो, आता खालच्या खोलीत खरोखर नुसतं सामान आहे. धूळसुद्धा खरी आहे! म्हणून मी नव्या दरासाठी अर्ज केला. त्यावर तुमचं उत्तर आलं. 'आपण पूर्वी सदर खोलीत केवळ सामान असल्याचे खोटे भासवले होते. सबब आपले सांप्रतचे कथन विश्वासार्ह धरता येत नाही.'

धरू नका! माझं कथन विश्वासार्ह नाहीच. मी आईला पुतळा म्हणालो, पट्टी तिरकी धरली. माझ्या शब्दाला काडीची किंमत देऊ नका. पण डोळे आहेत ना तुम्हाला? माणूस पाठवा! न कळवता पाठवा! खाली उतरा, भोकं मोजा, गंजलेले काटे मोजा. एकूण सतरा गंजलेत आजवर, आणि एकाचंही मला वाईट वाटत नाही.

आणि पुरावा पाहिजे असेल तर वर या. पाऊस असताना या. आमची आई घोरते! बारा वर्षं आम्हाला पत्ता नव्हता की ही बाई घोरते. भिंतीपलीकडे लाकडाची वखार सुरू झाल्यासारखा आवाज! पहिल्या रात्री मी घाबरून उठलो, बायकोने माझा हात धरून खाली बसवलं. "ऐका नुसतं," म्हणाली. आम्ही दोघं कितीतरी वेळ ऐकत बसलो होतो. आता त्या आवाजाने मला झोप लागत नाही, हे तुमच्या कुठल्या रकान्यात बसत असेल तर तेही लिहून घ्या.

अजून एक विचारायचंय. चाळीस पानांच्या त्या फॉर्ममध्ये भिंत कशाची, फरशी कशाची, नदी किती लांब, असले दोनशे प्रश्न आहेत. त्यांत 'रात्री या खोलीत कोणी झोपतं का' हा प्रश्न तुमच्यातल्या कोणाच्या डोक्यातून निघाला? मी आईचा मुलगा असून मला तो कधी सुचला नाही. त्या माणसाशी माझं भांडण नाही. बाकी सगळ्यांशी आहे.

तर फेरमोजणीला येताय की नाही? येताय तर कधी? गोल गोल पत्रं पुरे झाली. तारीख कळवा, लेखी! फक्त दुपारी दोन ते चार येऊ नका. आणि आलातच तर बेल वाजवू नका, दारावर हळू टकटक करा. आई झोपलेली असते.